बेटावरची घंटा

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दुपारची भरती चढू लागली तेव्हा, महाडच्या खाली सावित्रीच्या पात्रातल्या एका बेटावर भागी नावाच्या बाईची गाभण म्हैस सापडेनाशी झाली. बेटावर त्या वेळी आम्ही तिघेच होतो: भागी, होडी चालवणारा तिचा चुलतदीर धर्मा, आणि मी. माझे तिथे काही काम नव्हते. चवदार तळ्याच्या दाव्याच्या बातमीसाठी मी मुंबईहून आलो होतो. तारीख पुढे गेली, आणि रिकामा दिवस कुठे घालवावा हे ठरत नसताना काठावर धर्माची होडी सुटायला आली होती.

बेटाला नाव नाही. त्यावर घर नाही, देऊळ नाही, विहीर नाही. मधल्या उंचवट्यावर करंजांची दाटी, भोवती माणूस बुडेल एवढे पिवळे गवत, आणि कडेने चिखलात उतरत गेलेले लव्हाळे. सकाळी आम्ही उतरलो तेव्हा धुके पाण्यावरून उठून करंजांच्या शेंड्यांत अडकले होते आणि ऊन त्यातून दुधासारखे गाळून येत होते. ओल्या चिखलाचा वास, वाळल्या शेंगांचा तुरट वास, आणि दर्या इतका दूर असूनही भरतीबरोबर वर येणारा खारेपणा. छापखान्याचा खडखडाट कानांत घेऊन जगणाऱ्या माणसाला ती शांतता आधी बहिरेपणासारखी वाटली. मग हळूहळू तिच्यात आवाज उमटू लागले, आणि त्यांतला पहिला आवाज घंटांचा होता.

भात घरी आले की काठावरचे लोक आपल्या म्हशी पोहत इथे आणून चरायला सोडतात. प्रत्येकीच्या गळ्यात लाकडी घंटा असते, आणि प्रत्येक घर आपली घंटा आवाजावरून ओळखते, आणि म्हैसही. उधाणाच्या दिवशी बेटाचा सखल भाग पाण्याखाली जातो, म्हणून त्याआधी सगळ्यांना परत न्यायचे. घंटांच्या रोखाने गवतात शिरून धर्माने एकेक म्हैस पाण्यात घातली आणि त्या सवयीने पलीकडच्या काठाकडे निघाल्या. मागे राहिली ती भागीची. तिच्या गळ्यात घंटा नव्हती. गाभण म्हशीची घंटा इथे काढून ठेवतात. आवाजाने लोकांची नजर वळते, पोटाला दृष्ट लागते. व्याल्यावर ती पुन्हा बांधतात. भागीने ती ओटीत बांधून आणली होती.

"वयनी, तुझी मैस नव्या सुनंसारखी लपून बसली गो," धर्मा म्हणाला. "घंटा काढलीस, आता डोळ्यांनी शोध."

"तुझ्या आयशीनं ठेवली होती काय गाभन मैशीच्या गळ्यात?"

"नाय ठेवली. पन तिची मैस हरवली पन नाय."

मग मला म्हणाला, "सायेब, तुमी होडीत बसा. ह्या चिखलात बूट गेला तर बेटाचाच व्हायचा."

मी बूट होडीत काढून ठेवले आणि त्यांच्यामागे गेलो. म्हैस कापडे गावची होती, भागीच्या माहेरची. पारडी असताना आणून तिने वाढवली होती, आणि नवरा मुंबईच्या गिरणीत असल्याने सकाळ-संध्याकाळ जिच्याशी बोलावे असे घरात त्या म्हशीवाचून कोणी नव्हते. हे सगळे ती गवत बाजूला सारता सारता सांगत होती. उंचवटा शोधून झाला, गवत झाले. पाणी आवाज न करता लव्हाळ्यांच्या बुंध्यांशी आले, आणि मघाशी आम्ही चाललो होतो ती वाट निळसर चकाकू लागली.

भागीने ओटीतून घंटा काढली. वाजू नये म्हणून आतला लोलक तिने मुठीत घट्ट धरला होता.

"वाजव," धर्मा म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता.

"अजून व्याली नसंल तर?"

"आनि व्याली असंल तर? मैस पोहून येईल. पारडू पोहतं काय?"

तिने मूठ सोडली. कोरडा, बुटका आवाज गवतावरून गेला आणि विरला. तिने पुन्हा वाजवली. खालच्या अंगाने, लव्हाळ्यांच्या आतून, एक आखूड, घोगरे रेकणे आले.

म्हैस गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्यापुढे, मोडून पडलेल्या लव्हाळ्यांच्या गादीवर, चाटून चाटून केस उभे राहिलेले ओले पिल्लू होते, आणि पाणी त्याच्या खुरांना लागले होते.

"पारडी हाय," भागी म्हणाली, आणि तिथेच पाण्यात बसून तोंड धुऊ लागली. बराच वेळ धूत होती.

परतताना पारडी माझ्या मांडीवर होती. कोटाला चिकाचा आणि चिखलाचा वास लागला. म्हैस होडीच्या काठाला नाक लावून पोहत होती, आणि तिचा ऊन श्वास माझ्या कोपरावर येत होता. कलत्या उन्हात नदी तांब्याच्या रंगाची झाली होती. धर्मा वल्ही मारताना कसलेसे गाणे म्हणत होता आणि भागी त्याला सूर चुकतो म्हणून सांगत होती.

काठावर उतरून मी मागे पाहिले तेव्हा बेटाचे लव्हाळे बुडाले होते. करंज दिसत होते. भागीने म्हशीच्या गळ्यात घंटा बांधली. पारडी दोनदा पडली, मग उभी राहिली.