कुलूप लावून आलेल्या घरी: पाचगणी, सांगली आणि परत

हा प्रवास ठरला तो एका वाक्यामुळे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अन्वीचे आजोबा गेले. अन्वी म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची, जुईची, जिवाभावाची मैत्रीण. चार दिवस झाले तरी जुई खाली फिरकली नाही म्हणून मी विचारलं. मोजे काढता काढता ती सहज म्हणाली, "आपल्यात जात नाहीत ना, कोणी गेल्यावर? आपण कुलूप लावतो आणि येतो."

आमच्या घरात देव नाही. माझे वडील, नाना, सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात मास्तर होते आणि पक्के नास्तिक. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. आम्ही घराला कुलूप लावलं, त्यांच्या इच्छेप्रमाणे मिरजेच्या मेडिकल कॉलेजात देहदान केलं आणि दिवस मावळायच्या आत तिथूनच पुण्याच्या रस्त्याला लागलो. सगळं कसं नीट, तत्त्वाला धरून झालं म्हणून मला आतून थोडा अभिमानच होता. जुई मागच्या सीटवर बसून ते बघत होती, आणि त्यातून तिने आमच्या घराण्याची रीत तयार केली.

त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली होती: देवधर्म न मानणाऱ्या कुटुंबांसाठी पाचगणीत एक दिवसाचं शिबिर, 'मुलांना मूल्ये कशी द्यावीत'. मी लगेच नाव नोंदवलं. तिथून पुढे सांगली गाठायची, नानांचं घर उघडून साफ करायचं, आणि शेजारच्या अण्णांकडून जुईला तिच्या आजोबांच्या गोष्टी ऐकवायच्या, असा बेत केला. नवऱ्याला रजा नव्हती. गणपतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघीच निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत पुणं सोडा, नाहीतर टोलनाक्यावरच नाश्त्याची वेळ होते. शिरवळला मिसळ खाल्ली, ठीकठाक होती. खंडाळ्याच्या पुढे (लोणावळ्याचा नव्हे, साताऱ्याचा खंडाळा) खंबाटकीचा घाट चढताना धुकं लागलं ते थेट पाचगणीपर्यंत. सुरूर फाट्याला वळायचं, वाईत पेट्रोल भरायचं आणि पसरणी घाटात दिवे लावून सावकाश चढायचं. दरीकडचे ते प्रसिद्ध देखावे आम्हाला दिसलेच नाहीत. पांढऱ्या भिंतीला गाडी घासत चालल्यासारखं वाटत होतं. ऑफ-सीझन असल्याने खोली निम्म्या भाड्यात मिळाली आणि चादरीही निम्म्याच वाळलेल्या होत्या.

शिबिर एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. वीसेक कुटुंबं येणार होती, आली सात. मुलांना रंगीत कार्डं वाटली: करुणा, सहकार्य, कृतज्ञता. जुईच्या वाट्याला करुणा आली. तिने त्यावर एक मांजर काढलं. आई-वडिलांना पडद्यावर तक्ते दाखवले. मी वहीत चार पानं लिहून घेतली, आणि आज त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

आठवतो तो साताऱ्याजवळच्या एका गावचा माणूस. फौजेतून निवृत्त झालेला, चाळिशीचा, ताठ बसलेला. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी गणपती न्हाई. आरतीच्या टायमाला सगळी आळी एका दारात आसती. माझी पोरगी तेवढी खिडकीत उभी ऱ्हाती. तिला मी काय द्यायचं, तेवढं सांगा."

व्याख्याते म्हणाले की प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि चहाची सुट्टी झाली.

चहा घेताना मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तो कपात बघत बोलत होता. "फौजेत बरं हुतं ताई. देव मानणारा, न मानणारा, सगळे एका लंगरात जेवायचो. कुणाच्या घरनं वाईट तार आली की त्याच्याजवळ बसायला कुणी कायदा विचारत नव्हतं. गावात आलो आन् एकटा पडलो." त्याची मुलगी जुईबरोबर हॉलच्या पायरीवर बसली होती. दोघी धुक्यात काही दिसतंय का बघत होत्या. मला वाटलं होतं इथे आम्हाला आमची माणसं मिळतील. मिळाले ते आमच्यासारखेच सात खिडक्यांतले लोक. दुपारी सगळे आपापल्या गाड्यांत बसून पांगले.

रविवारी सकाळी उतरलो. वाई, पाचवड, सातारा, कराड. साताऱ्यात अण्णांसाठी अर्धा किलो कंदी पेढे घेतले. अण्णा म्हणजे नानांचे दार-शेजारी, जैन शेतकरी, उसाचे चार एकर आणि तोंडात अखंड वाद. नाना आणि ते चाळीस वर्षं एकाच कट्ट्यावर बसून देव आहे की नाही यावर भांडले. दोघांतला कोणी तसूभर हलला नाही आणि एक संध्याकाळ चुकली नाही. पेठ नाक्याला महामार्ग सोडला. पुढे एका धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी घेतली. या पट्ट्यात आलात तर ते चुकवू नका, पण तिखट कमी सांगा. जुई दोन ग्लास ताक प्यायली. आष्ट्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, वर राखाडी आभाळ, आणि रस्त्यावर खड्डे असे की बोलणं तुटावं.

तीनच्या सुमारास गावात पोचलो. नानांचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं. भिंतीवर महापुराच्या पाण्याची रेघ अजून होती. कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना तेव्हा मी तशीच शेजारी गेले, तेल मागायला आणि पेढे द्यायला.

अण्णांची बायको, आक्का, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "अण्णा कुठायत? शेतात?"

आक्कांनी बॉक्स मांडीवर ठेवला. "बस," म्हणाल्या. "अण्णा गेलं की गं. चैतात."

पाच महिने होऊन गेले होते. मी खाली बसले. "मला कोणी कळवलं नाही," एवढंच बोलले, आणि त्यात तक्रारीचा सूर होता. माझी लाज वाटते, पण होता.

"पोरगा म्हणत हुता फोन करू. म्याच न्हाई म्हटलं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्हटलं, तुमच्यात ह्ये चालत न्हाई. कशाला तिला तरास."

त्यापेक्षा कुणी तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं. जुई माझ्याकडे बघत होती.

मग आक्कांनी नाना गेले त्या दिवसाचं सांगितलं. आमच्या भागात एक पद्धत आहे. ज्या घरी माणूस जातो तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना समोर बसवून जेवायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. मी लहानपणी पाहिलेलं, पण माझ्या डोक्यात ते सगळं 'विधी' या एका पोत्यात भरलेलं होतं. नाना गेले त्या सकाळी मी सगळ्यांना मेसेज केला होता: नानांच्या इच्छेनुसार देहदान होईल, कोणतेही विधी होणार नाहीत, कृपया कोणी भेटायला येऊ नये. त्यातलं शेवटचं वाक्य नानांचं नव्हतं, माझं होतं.

"मेसेज पोरानं वाचून दावला की," आक्का म्हणाल्या. "पर भाकरी थापून झाली हुती गं. म्हटलं मिरजंहून येतील, उपाशी आसतील, पोरगी लहान हाय. म्या आन् ह्ये तुमच्या पायरीवर बसलो डबा घिऊन. दिवस मावळला तरी न्हाई आलासा."

आक्का सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. जन्मात कधी जेवल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या पायरीवर बसून त्यांची वेळ टळली.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मग काय. ऱ्हायले उपाशी. दुसऱ्या दिशी परत आले, तिसऱ्या दिशी परत आले. म्हटलं, आज तरी येशील."

मी म्हटलं, "आक्का, नानांना हे असलं पटायचं नाही, म्हणून मी..."

त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "काय पटत नव्हतं मास्तरांस्नी? समद्या गावाच्या मयतीला ते पहिलं यायचं. हात जोडायचं न्हाईत, पाणी सोडायचं न्हाईत, पर लाकडं रचायला पुढं. माझी सासू गेली तवा हितंच तीन दिस बसून हुतं. देव न्हाई म्हणायचं आन् माणूस सोडायचं न्हाईत." मग शेंगा परत पुढ्यात ओढून म्हणाल्या, "त्यांना आमचं पिठलं लय आवडायचं. बिनकांद्याचं."

म्हणजे मी वडिलांचं 'नाही' तेवढं उचललं होतं. त्यांचं येणं मला दिसलंच नव्हतं, कारण ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आणि मी लेकीला पुढे काय दिलं, तर एक कुलूप.

कुलपाला तेल घातलं, घर उघडलं. आत कोंदट वास, उंदरांनी कुरतडलेली वर्तमानपत्रं. मी झाडू हातात घेतला आणि जुई म्हणाली, "आई, आता आपण त्यांना भाकरी द्यायची का?" मी म्हटलं, पाच महिने झाले गं. ती म्हणाली, "मग?"

सिलिंडरमध्ये गॅस होता. दुकानातून ज्वारीचं पीठ, बेसन, मिरच्या आणल्या. मला भाकरी येत नाही. पुण्यात आम्ही पोळ्यांना बाई ठेवली आहे. पहिल्या तीन परातीतच मोडल्या, चौथी तव्यावर फाटली. जुई घड्याळ बघून आली, सव्वासहा झाले होते. मी पिठल्याची फोडणी टाकली, दोन कांदे चांगले लाल केले, बेसन ओतलं, आणि मागून जुईचा आवाज आला, "आई, बिनकांद्याचं ना?"

सगळं ओतून दिलं. कढई घासली, पुन्हा फोडणी केली. मला रडू येत होतं, ते अण्णांसाठी की स्वतःच्या फजितीचं ते माहीत नाही. दोन बऱ्यापैकी भाकऱ्या फडक्यात बांधून आम्ही बाहेर आलो तेव्हा नदीपलीकडच्या उसावर आभाळाची नुसती लाली उरली होती. सूर्य गेला होता.

आक्कांनी डबा घेतला, उघडून वास घेतला. "कांदा न्हाई?" जुईने मान हलवली. आक्का म्हणाल्या, "माझी वेळ झाली गं बाळा. आता न्हाई चालायचं." आणि डबा बाजूला ठेवून जुईला जवळ ओढलं. "डब्याचं काय न्हाई. बसा हितं."

आम्ही बसलो. अण्णा शेवटच्या दिवसांत कट्ट्यावर एकटेच बसायचे, आणि म्हणायचे की आता कुणाशी भांडू, एवढं त्यांनी सांगितलं. जुईने अण्णांचा फोटो मागितला आणि बराच वेळ हातात धरला.

सकाळी निघताना आक्का गोठ्याशी होत्या. "तुझी भाकरी म्हशीला घातली," म्हणाल्या. "शिळं चालत न्हाई मला. पर आणलीस, ते ध्यानात हाय." मी घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवायला दिली. त्यांनी ती कनवटीला लावली आणि विचारलं, "आता कवा?" मी दिवाळी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला नसावा.

परतीचा रस्ता लांब वाटला. भडंग घेतलं, कराडला चहा घेतला. येताना घाट लागत नाही, खंबाटकीचा बोगदा आहे.

प्रवासखर्च, हॉटेलची नावं वगैरे कोणी विचाराल तर सांगेन. पण मुलांना मूल्यं द्यायला पाचगणीला जायची गरज नव्हती, हे मला सात कुटुंबांत बसून कळलं नाही. देव न मानता माणसांत कसं राहायचं हे दाखवणारा एक माणूस माझ्याच घरात होता, आणि त्याच्या मरणाच्या दिवशी मी त्याची सगळी माणसं दारातून परत पाठवली. ते आता दुरुस्त होणार नाही. अण्णा परत कट्ट्यावर बसणार नाहीत.

संध्याकाळी घरी पोचलो. जुई बूटही न काढता म्हणाली, "अन्वीकडे जाऊन येते." मी दारात उभी राहून ऐकत होते. खालची बेल वाजली, दार उघडलं. अन्वी म्हणाली, "मला अभ्यास आहे." दार लागलं. जुई एकेक पायरी चढून वर आली, डोळे भरलेले.

ती माझ्याजवळून आत गेली, नाक पुसलं, मग वळून विचारलं, "आक्का तीन दिवस आल्या होत्या ना?"

"हो."

"मग उद्या परत जाते," ती म्हणाली, आणि दप्तर भरायला बसली.