प्रार्थनेचा विषय

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पास्टरांपाशी नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मराठीत लिहितोय, त्यालाही कारण आहे. तंजावरात मराठी बोलणारी जुनी घरं आहेत, पण नागरी अक्षर वाचणारं माणूस शोधावं लागतं. आणि ज्या दोघांविषयी लिहितोय ते तर तमिळच. म्हणजे कबुली द्यायची, पण त्यांना कधी कळणार नाही अशी — बघा, सुरुवातच कशी भित्री आहे!

मी मूळचा नगरकडचा. खताच्या कंपनीची नोकरी धरून तरुणपणी इकडे आलो, कावेरीकाठच्या गावागावांतून मोपेडवर हिंडलो, इथलीच बायको केली, इथलाच झालो. आमच्या चर्चमध्ये पुरुषांची बंधुसभा आहे. तिचा मी प्रमुख. दर शनिवारी सकाळी तरुण पोरं येतात — कोणी कॉलेजातला, कोणी बँकेतला, एक रिक्षावाला — आणि मी त्यांना शिकवतो की पुढारी व्हायचं तर आधी सेवक व्हावं. सगळ्यांच्या आधी या, चटया अंथरा. सगळ्यांच्या शेवटी जेवा, भांडी घासा. मी स्वतः घासतो हो. सांबाराचं पातेलं घासताना माझे फोटो काढलेत पोरांनी. साळवे अण्णांसारखं नम्र माणूस नाही, म्हणतात. मी हसतो. त्या हसण्याची माझी मलाच शिसारी येते.

कसं सांगू? जोडीपासून सांगतो.

सभेत एक चाल आहे, माझ्याही आधीची. दोघादोघांची जोडी लावून देतात. आठवड्यातून एकदा जोडीदाराला भेटायचं आणि मनात जे सलत असेल ते सांगून टाकायचं. कोणी रागाच्या भरात हात उगारलेला असतो, कोणाच्या डोक्यातून भलतीच बाई जात नाही. ऐकणाऱ्यानं उपदेश करायचा नाही. आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, जीव गेला तरी. माझी जोडी ज्ञानराजशी लागली.

ज्ञानराज पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. माझ्याहून थोडा धाकटा, महा थट्टेखोर. माझं तमिळ ऐकून पोट धरून हसायचा, आणि मग तेच वाक्य नीट करून माझ्याकडून घोकून घ्यायचा, दुसऱ्या कोणी हसू नये म्हणून. वादळात खेड्यांतल्या झोपड्या उडाल्या तेव्हा मी चर्चच्या पायरीवर उभा राहून मदतीचं आवाहन करत होतो, आणि हा कोयता घेऊन रस्त्यात पडलेले माड तोडत होता. सभेचा पुढचा प्रमुख तोच, हे सगळे धरून चालले होते. मीही चाललो होतो — तोंडानं.

त्याच वर्षी त्याची लेक गेली. नुकती चालायला लागली होती. ताप आला आणि गेली. तिची पेटी मी उचलली होती. एकट्यानं उचलता येईल एवढीच होती ती.

काही महिन्यांनी, एका संध्याकाळी, कालव्याच्या काठानं चालताना तो म्हणाला, ‘अण्णा, मला प्रार्थना होत नाही. गुडघे टेकतो, डोळे मिटतो, ओठ हलवतो. समोर कोणी नाहीच.’ ही गोष्ट त्याच्या बायकोला, स्टेलाला, तेवढी ठाऊक होती. जेवायला बसताना तो हात जोडेनासा झाला, ते तिच्यापासून लपणार कसं? तिनं त्याला कधी टोकलं नाही. त्याच्या वाटची प्रार्थना तीच करायची. मग त्यानं मला विचारलं, असल्या माणसानं इतरांच्या पुढे उभं राहावं का? मी म्हणालो, घाई करू नकोस, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

केली का? केली, खोटं कशाला बोलू. केली, आणि उठलो तेव्हा डोक्यात दुसरंच शिजत होतं.

मला ती जागा हवी होती. झालं, लिहिलं एकदाचं. परक्या मुलखात माणसाला मान लागतो, भाकरीपेक्षाही लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्यात पुढारीपण मागायची सोय नाही. हवं असलं तरी ‘छे छे, माझी कुठली लायकी’ म्हणायचं. मनात मांडे भाजायचे आणि मान खाली घालून उभं राहायचं. मी ते फार छान करतो.

आम्हा चर्चच्या माणसांची एक खोड तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही चहाडी करत नाही. छे, चहाडी पाप! आम्ही ‘प्रार्थनेचा विषय’ देतो. अमक्याची बायको माहेरी निघून गेली, विषय. तमका पिऊन पडला होता, विषय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून — आणि शेवटी आमेन.

मी पास्टरांच्या खोलीत गेलो. म्हणालो, बंधू ज्ञानराजसाठी मनावर ओझं आलंय, आपण प्रार्थना करू या. लेक गेल्यापासून त्याचा विश्वास डळमळलाय, त्याला प्रार्थनाच होत नाही. आवाज असा हळवा काढला की माझेच डोळे भरून आले! पास्टरांनी विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं?

इथं थांबतो मी. नेहमी इथंच थांबतो. मनातल्या मनात स्वतःपुढे जेव्हा जेव्हा कबुली दिली, ती इथवरच. चहाडी केली, पाप झालं, संपलं. पण ते तिथं संपलेलं नाही. जोडीदाराकडून कळलं म्हणावं, तर जोडीचा नियम मोडला असं झालं. मग मला कोण प्रमुख करणार? म्हणून मी म्हणालो — ‘घरून कळलं.’

घरून म्हणजे कोणाकडून? त्याचे आईवडील लांब गावी. घरात स्टेलाशिवाय होतंच कोण?

पास्टर भला माणूस. त्यांनी ज्ञानराजला बोलावून हळुवारपणे सांगितलं की यंदा जरा विसावा घे, तुझ्या घरून कळलंय, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. पंधरवड्यानं मी प्रमुख झालो. नको नको म्हणत झालो.

मग तो माझ्याकडे आला. फाटकातनं येताना पाहिलं. वाटलं, कळलं याला, आता गचांडी धरणार. धरली असती तर किती बरं झालं असतं! तो ओसरीवर बसून रडायला लागला. स्टेलानं पास्टरांना सांगितलं, म्हणाला. नाही म्हणते, वर शपथ घेते, आता खोटंही बोलायला लागली. ‘तुम्ही एवढं पोटात ठेवलंत अण्णा, तिला नाही ठेवता आलं.’

तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी. हो. तेव्हा तरी. मी तोंड उघडलंसुद्धा होतं. आणि त्यातनं निघालं काय? ‘तिला क्षमा कर.’ असं मी म्हणालो. आईचं काळीज आहे, दुःखात बोलून गेली असेल, क्षमा कर. वर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांबलचक केली.

त्यानं ऐकलं. तो माझं ऐकतो. घरी जाऊन त्यानं तिला सांगितलं की अण्णा म्हणतात म्हणून मी तुला क्षमा करतो.

न केलेल्या गोष्टीची क्षमा पदरात घ्यावी लागली की बाईला काय होतं, ते मी सांगू शकत नाही. पण एवढं कळतं, की ही गोष्ट त्याच्याखेरीज दोघांनाच ठाऊक होती — तिला आणि मला. आणि आपण बोललो नाही हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पुढच्या रविवारी चर्चच्या दाराशी चपला काढताना तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग मी सोसला असता. एखादं माणूस ओळखू यावं, तसं पाहिलं. ‘स्तोत्रम, अण्णा,’ म्हणाली, इथं सगळे एकमेकांना म्हणतात तसं, आणि आत गेली. नवऱ्याला का नाही सांगितलं तिनं? सांगितलं असतं तर त्यानं कोणाचं खरं धरलं असतं?

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. ज्ञानराज वाईट नवरा नाही. ओरडत नाही, हात उगारत नाही, बाजारातनं तिच्या आवडीची केळी आणतो. फक्त मनातलं तिला सांगत नाही. त्या दिवसापासून नाही. सगळं मला सांगतो — आमची जोडी अजून आहे. कुंपणानं शेत खाल्लं, आणि शेताचा धनी अजून कुंपणालाच हात जोडतो. मधे केव्हातरी त्याला पुन्हा प्रार्थना होऊ लागली. हळूहळू, चोरपावलांनी. ते सांगायलाही तो माझ्याकडेच आला, केवढा आनंदात होता! पण तिच्यासमोर ताटावर तो अजून हात जोडत नाही. स्टेला अजून त्याच्या वाटची प्रार्थना करते.

गेल्या महिन्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांशी बोलायला त्यानं मला आत नेलं आणि तिला बाहेर बाकावर बसवलं. मी त्यांना घरी सोडलं. तो जाऊन पडला. स्टेलानं मला कॉफी दिली, आणि मी निघालो तेव्हा दारात आडवी उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला काही मागितलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, ‘अण्णा, डॉक्टर काय म्हणाले? हे मला काही सांगत नाहीत. तुम्हाला सांगतात.’

मी सांगितलं. फार दिवस नाहीत, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, ‘दुखतंय का त्यांना?’ तेही मलाच ठाऊक होतं. दुखतं, म्हणालो, बरेच दिवस दुखतंय.

तिनं मान हलवली, माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेली.

ज्ञानराज अजून आहे. मी त्याच्या उशाशी जाऊन बसतो. तो बोलतो, मी ऐकतो. त्याला मी सांगितलेलं नाही.