आत्याच्या तोंडून आलेला पलटणीतला नंबर

भुताखेताचं काही दिसलं की पान उलटणारा माणूस मी. सोलापूरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, मोजता येतं तेवढंच खरं मानतो... म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

मला छंद एकच – ब्रिटिशांच्या जुन्या पलटणींचा इतिहास. कारण घरातलंच. माझे पणजोबा बिरा म्हाळप्पा मंद्रूपला मेंढरं राखायचे. पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले, ते परत आलेच नाहीत. सरकारचा कागदही आला नाही. मग गावानंच ठरवून टाकलं – पळाला असणार. आमच्या घराला 'पळपुट्याचं घर' म्हणायचे. माझी शेवंताआत्या आज चौऱ्याऐंशीची. शाळेत कधी गेली नाही, पण या एका शब्दापायी लहानपणी तिनं पोरांची डोकी फोडलीत. मला सारखी म्हणायची, "तू शिकलेला हायस की. बग आमचा आजा कुटं सापडतोय का."

पलटणींची जुनी रजिस्टरं आता इंटरनेटवर बघायला मिळतात. तीन वर्षं त्यांत बिरा म्हाळप्पा शोधले. नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात आत्याला न्यूमोनिया झाला. तिला सोलापुरात अ‍ॅडमिट केलं. दुपारचे दोन वाजले असतील. मी आणि माझी बायको सुनंदा कॉटजवळ बसलो होतो. आत्या तापात, डोळे मिटून. एकाएकी ती ताठ झाली, दोन्ही हात अंगालगत... आणि भरड, खणखणीत आवाजात म्हणाली, "नंबर सत्ताइस सौ इकतालीस. सिपाही. हाजिर, साब!"

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. आत्याला हिंदीचे धड चार शब्द येत नाहीत हो! मग आवाज एकदम मऊ झाला. "पानी लई गार हाय... गुरप्पाला पवता येत न्हाय..." आणि ती शांत झोपली.

मी तो नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवला. का, ते माझं मलाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव सोडून नुसत्या नंबरवरून रजिस्टरं चाळायला बसलो. सापडलं. २७४१ – 'पीरा मालपा', गाव 'मुंदरूर'. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं! शेवटच्या रकान्यात शेरा : नदीत बुडून मृत्यू. खालच्याच ओळीत तीच तारीख, तोच शेरा. नाव गुरप्पा, गाव दुधनी – आमच्याच जिल्ह्यातलं, सीमेवरचं.

पळाले नव्हते.

मी शंका काढून बघितल्या. आत्यानं लहानपणी नंबर ऐकला असेल? मग तीन वर्षांत मला सांगितला नसता का? माझ्याकडून ऐकला असेल? ते पान मीच तोवर उघडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तापात माणसं बडबडतात." बडबड मान्य... पण नंबर?

आठवड्यानं आत्या उठून बसली. तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्या गुरप्पाचं कोण हाय का रे? त्येंना कुनी सांगितलंय का?"

तिच्या हट्टापायी, ती बरी झाल्यावर तिला घेऊन दुधनीला गेलो. विचारत विचारत गुरप्पाचे नातू सापडले – सिद्धाराम, सत्तरीचे, किराणा दुकान चालवतात. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा म्हणत त्यांनी खुर्च्या मांडल्या. त्यांच्या घरी एवढंच माहीत होतं, की आजोबा कुठंतरी लांब वारले. कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "आमची आजी मरेपर्यंत रडली बघा. परमुलखात एकटाच मेला, जवळ कोण नव्हतं, म्हणून..."

"एकटा नव्हता," आत्या म्हणाली. "आमचा आजा व्हता की संगं."

सिद्धाराम उठले, दुकान अर्धं ओढून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं.

परतताना आत्याला विचारलं, हॉस्पिटलात काय बोललीस ते आठवतंय का? "मला काय ठावं? मी झोपलेली व्हते न्हवं!"

तो आवाज कुणाचा, नंबर आला कुठून... मला अजूनही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर कळवा. आत्याला मात्र त्याची काही पडलेली नाही. पुढच्या रविवारी दुधनीला सिद्धारामांच्या नातीचं लग्न आहे, पत्रिकेत आजी म्हणून शेवंताआत्याचं नाव छापलंय, आणि कोणतं लुगडं नेसायचं यावरून सकाळपासून तिनं सुनंदाला हैराण केलंय.