अज्जाच्या अस्थी आणायला मंद्रूपला

लिहू लिहू म्हणत दिवाळी गेली. वही उघडायची, ‘अज्जा’ एवढं लिहायचं आणि सायकल काढून उंडारायला जायचं, हेच चाललंय. आज बसलोय.

अज्जा म्हणजे माझ्या आईचा बाप, जपानी माणूस. तरुणपणी सोलापूरच्या एका गिरणीत माग बसवायला आला, मंद्रूपच्या लिंगायत घरातल्या आजीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. उन्हाळ्यात तो गेला. तार उशिरा मिळाली, त्यात आई तापानं पडलेली.

“तू जा,” ती म्हणाली. “अण्णा मला नेहमी सांगायचे, मला जाळा. अस्थी घेऊन ये. तिकडं जपानात त्यांची बहीण वाट बघतेय, जपानी येणाऱ्याकडून पत्र लिहवून मी शब्द दिलाय. आणि वाटेत कुठं भटकू नकोस.”

भटकलोच. पुण्याहून सोलापूरला एसटीचे दहाएक रुपये पडतात. मोडनिंबला चहाला उतरलो, तर शेजारी कुस्त्या लागलेल्या. एक जोड बघून येतो म्हणालो आणि गाडी गेली. पुढं कांद्याच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर. सोलापुरात स्टँडजवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर खा, पाणी हाताशी ठेवून. मंद्रूपला विजापूर रस्त्यानं तासभर लागतो. बाजारचा दिवस टाळा. मी नेमका त्याच दिवशी पोचलो.

भाजीवाल्या बाईला घर विचारलं.

“जपान अज्जाचा नातू व्हय तू? आरं, हितंच बसायचा मुळ्याच्या जुड्या घिऊन. गिऱ्हाइकाला कमरंत वाकून नमस्कार! पोरी लई हसायच्या. आता कोन वाकतंय आमाला?”

मामाचा चेहरा थेट अज्जाचा, बोलणं अस्सल मंद्रूपचं. पाणी पिऊन मी अस्थींचं विचारलं.

“अस्थी? कुटल्या? आमच्यात जाळत न्हाईत की रं.”

“पण अज्जा लिंगायत कुठं होता?”

“झाला की. आई गेल्यावर जंगमाकडनं गळ्यात लिंग बांदून घेतलं. म्हनला, जाळलं तर हिच्याशेजारी जागा कशी मिळंल?”

शेतात आजीच्या समाधीशेजारी ओल्या मातीचा उंचवटा होता. मामा म्हणाला, आत अज्जा त्यांच्या रीतीनं मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसलेला. मी तिथंच खाली बसलो. आईला काय सांगू? आणि तिकडच्या म्हातारीला?

घरी आल्यावर मामानं एक पत्र्याची डबी पुढं केली. आत पांढऱ्या केसांची बट आणि कापलेली नखं. मी डबी टाकणारच होतो.

“माजं बी तसंच झालं,” मामा म्हणाला. “नखं घरात ठेवायची? आई असती तर बडवलं असतं त्याला. पर म्हनला, जपानात अस्थी नसल्या तर हे चालतंय. बहिनीला द्या.”

म्हणजे म्हाताऱ्यानं दोन्हीकडची सोय करून ठेवली होती, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

पुण्यात आईनं डबी उघडली. आधी रागावली, मग कितीतरी वेळ ती बट बोटांवरून फिरवत राहिली. “मला का नाही सांगितलं त्यांनी?” एवढंच म्हणते. डबी अजून देवघरात आहे. टपालानं पाठवायला तिचा हात धजत नाही. माझंही तेच. सगळा प्रवास पुसट झालाय, तो उंचवटा तेवढा जात नाही.

थांबा, खाली रिक्षा थांबलीय. आई जिन्यातून ओरडतेय, “अरे, लवकर ये! आत्या आल्यात, अण्णांची बहीण! एकट्याच!”

तिला मराठी येत नाही, आम्हाला जपानी येत नाही. मलाच तिच्यापुढं मांडी घालून, तळहात पसरून अज्जा कसा बसलाय ते दाखवावं लागणार.