बेणणी न झालेला डोंगर

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे डोंगराचा एक उतार आहे. कधीकाळी लोकांनी त्याच्या वरच्या भागातली झाडं लाकडासाठी तोडली, खालचा भाग जाळून, खणून वरी-नाचणी केली. पुढे सगळं सोडून दिलं. निवृत्त झाल्यावर माझे बाबा तिथे झाडं लावायला लागले. गावचा त्यांच्या लहानपणीचा डोंगर लाकूड ठेकेदाराने बोडका केला होता, मग तिथे काजू आले. तोडलेलं जंगल परत आलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "मराच्या आधी एकदा परत इलेल्या रानाच्या सावलीत बसूचा आसा," म्हणायचे. एवढंच मागणं.

पण माणूस पडला कोकणातला. पाऊस सरला की कोयता घेऊन बेणणीला निघालाच. गावी आंबा-काजूखालचं रान दरवर्षी असंच साफ करतात, नाहीतर शेजारी नावं ठेवतात. गवत, झुडपं, फुटवे, बाबा सगळं भुईसपाट करायचे, पालाही झाडून काढायचे. उतार आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ! लावलेली रोपं मात्र दर उन्हाळ्यात वाळायची. बाबा पुन्हा लावायचे. मला त्यांची कीव यायची आणि चीडही.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि दोन पावसाळे ते घरातच अडकले.

"तू जा गो, जरा बेणून ये. झाडां गुदमरतत," पलंगावरून रोज चालायचं.

"बाबा, तिथे साप असतात."

"साप तुका घाबरतीत."

मी काही गेले नाही. ते रुसले, जेवताना बोलेनात. म्हाताऱ्या माणसाचं एवढंसं काम आपल्याच्याने होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

काठी टेकत चालायला लागल्यावर आधी ते उतारावरच गेले. मी मागोमाग, बोलणी खायच्या तयारीने. बाबा काठीवर भार देऊन वर बघत होते. वर, जिथे नुसती तोड झाली होती, तिथे ऐनाच्या जुन्या बुंध्यांना कमरेपर्यंत फुटवे आले होते. खाली खणलेल्या जमिनीत मुळंच उरली नव्हती, तिथे अजून गवतच जास्त. पण त्या गवताच्या आडोशाने पाखरांनी टाकलेल्या बियांतून करवंदं आणि एक जांभूळ उगवलं होतं. यातलं एकही बाबांनी लावलेलं नव्हतं.

एका बुंध्यावर कोयत्याचे जुने वण होते, एकावर एक. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"गो, ह्यां दरवर्षी येय होतां. मियाच कापी होतंय."

त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरला.

थोड्या वेळाने ते ऐनाशेजारच्या दगडावर बसले. सावली कसली, वीतभर. त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पावलं त्या सावलीत ठेवली.