हिवाळ्यावरची लाल रेघ

मार्करचा उग्र वास आला की मी अजून अस्वस्थ होतो. आष्टीकडच्या एका गावात आम्ही बांधबंदिस्तीचं काम घेतलं होतं, लोकांचं ऊसतोडीला जाणं थांबावं म्हणून. आमच्या संस्थेचा कामाचा तक्ता सगळ्या गावांना एकच. प्लॅस्टिक लावलेला तो तक्ता मी शाळेच्या भिंतीवर टांगला, हिवाळ्याच्या चार महिन्यांवर लाल रेघ ओढली आणि म्हणालो, "या दिवसांत सगळ्यांना काम." वर पत्रे तापलेले. मग मागून एक बाई उठली. "साहेब, तवा आमी कारखान्यावर असताव. उन्हाळ्यातच मुकादमाची उचल घेतल्याली असती, ती फेडाया जावंच लागतं. गावात म्हातारी माणसं अन् शेरडं. काम कुणाला द्याचंय?" माझे कान तापले. मी मार्कर पुढे केला, पण तिनं तो घेतला नाही. तळहातानं माझी रेघ पुसली आणि गुढीपाडव्यापासून मिरगापर्यंत लाल बोट ओढलं. तसाच तक्ता मी वर पाठवला. "पद्धत बदलता येणार नाही," एवढंच उत्तर आलं. मी मुकाट्यानं जुना तक्ता लावला. दसरा झाला आणि ती कोयता घेऊन गेली. आता त्या तक्त्यांवर माझी सही लागते. परवा सही करता करता हिवाळ्यावरची लाल रेघ मी तळहातानं घासून पाहिली. आता ती छापलेलीच येते.