उकिडवा बसलेला माणूस

जाम गावाला मोटार चहासाठी थांबली, तेव्हा तो चाकाजवळ उकिडवा बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. भोंगा वाजला, सगळे चढले, तो मात्र तसाच. शेवटी कंडक्टर वैतागून ओरडला, "अबे, ऊठ नं!" तेव्हा तो चटकन उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

पन्नाशीचा असेल. थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाला, "नागपूरच्या जेलातून सुटून आलो, भाऊ. तिथं मोजणीले असंच बसा लागते. ऊठ म्हटल्याशिवाय उठता येत नाई."

जन्मठेप झाली होती. वागणूक बघून सरकारनं फेरविचार केला आणि उरलेली सजा माफ केली. मी आपलं म्हटलं, "चला, सुटलात एकदाचे."

त्यानं मान हलवली. "वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात लहान भावालेच कुऱ्हाड मारली मी. सरकारनं सोडलं. माय सोडते का, थे पाहा लागन."

वडनेरच्या फाट्यावर तो उतरला. बाभळीखाली त्याची माय काठी टेकून उभी होती. दोन्ही लेक एकाच दिवशी गमावलेली बाई. तो पाया पडेल असं मला वाटलं. पण तो तिच्यापुढं उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर.

म्हातारी त्याच्या पिकलेल्या डोक्याकडं नुसती बघत राहिली. मोटार सुटली. खिडकीतून 'ऊठ' म्हणून ओरडावं, असं फार वाटलं. पण तो शब्द माझा नव्हता.